पालथे पडणे

माणसाला आडवे होण्याचे एकंदर चार प्रकार देवाने दिले आहेत. उताणे, पालथे, डाव्या कुशीवर आणि उजव्या कुशीवर. पैकी डाव्या कुशीला आम्हां पुणेकरांनी वामकुक्षी असे संस्कृत नाव देऊन तिच्यासाठी दुपारचे एक ते चार राखून ठेवले आहेत. उरलेल्या तिहींबद्दल माझ्या आजीची मते ठाम होती. उताणे झोपले की वाईट स्वप्ने पडतात, उजव्या कुशीवर झोपले की जेवण पचत नाही आणि पालथे झोपणे म्हणजे तर निव्वळ अवलक्षण. मी लहानपणी उशीत तोंड खुपसून पालथा झोपत असे. आजी मध्यरात्री उठून, काहीतरी पुटपुटत, मला तव्यावरच्या थालिपिठासारखी उलथून टाकी. या गोष्टीला साठ वर्षे झाली. पण अजूनही चुकून पालथा झालो तर आता कुणीतरी खांद्याला धरील असे वाटते.

या सदराचे नेहमीचे वाचक म्हणतील, संपादकांनी दिवाळी अंकासाठी जास्त जागा दिली म्हणून हे गृहस्थ झोपेवर लिहायला बसले. नळ, भाजी, शेजारी आणि रस्त्यातले खड्डे हे या सदराचे चार खांब, हे मला मान्य आहे. पण गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या श्रावणात, माझा सख्खा भाचा सोळा सोळा तास पालथा निजून होता. आणि त्याला पालथे करावे की करू नये यावर माझी ताई, मी आणि एक तरुण डॉक्टरीणबाई यांच्यात जे बोलणे झाले ते वर्षभर माझ्या डोक्यातून जात नाही. तेव्हा यंदा नळाला सुट्टी.

भाचा छत्तीस वर्षांचा. दर रविवारी सिंहगड चढून, वर पिठले-भाकरी खाऊन, दहाच्या आत घरी परतणारा. १५ ऑगस्टचे झेंडावंदन करून आला तो कणकण घेऊनच. घरातल्या प्रत्येकाने आपापले औषध सुचवले. मी आल्याचा रस आणि मध सुचवला हे कबूल करतो. १७ तारखेला, शनिवारी, एक जिना चढताना त्याला धाप लागली आणि ओठ जांभळट दिसू लागले. तेव्हा त्याच्या बायकोने आम्हां कुणाचेही न ऐकता रिक्षा बोलावली. तिला त्या वेळी सातवा महिना होता. तपासणीत स्वाइन फ्लू निघाला. दुसऱ्या दिवशी रात्री घशात नळी घालून त्याला व्हेंटिलेटरवर ठेवले.

१९ तारखेला राखीपौर्णिमा. ताईने मला राखी बांधली ती अतिदक्षता विभागाबाहेरच्या लोखंडी बाकावर. ना पाट, ना निरांजन, ना नारळीभात. मी तिच्या हातात पाकीट ठेवले, ते तिने न उघडता औषधाच्या चिठ्ठीबरोबर तसेच खिडकीतल्या माणसाकडे सरकवले. तेवढ्यात आतून एक सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "पेशंटला पालथं करायचंय. इथं सही करा."

ताईचा चेहरा पांढरा पडला. आपल्या भाषेत गाव पालथे घालतात, पालथ्या घड्यावर पाणी ओततात. पण श्वास घेता येत नाही अशा आजारी माणसाला कुणी पालथे घातल्याचे आम्ही ऐकले नव्हते. मी जरा आवाज चढवून म्हणालो, "अहो, त्याला उताण्यानं श्वास घेववत नाही आणि तुम्ही त्याची छाती गादीवर दाबणार?"

आवाज ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळे, पायांत रबरी चपला. रागावतील असे वाटले होते, तर त्या बाकावर ताईशेजारी येऊन बसल्या.

"काका, फुफ्फुस म्हणजे फुगा नाही. स्पंज आहे. आणि तुमच्या भाच्याचा स्पंज आत्ता पाण्यानं भिजून जड झालाय. माणूस उताणा असला की पाठीकडचं फुफ्फुस खाली येतं. त्याच्यावर वरच्या ओल्या फुफ्फुसाचा भार, हृदयाचा भार, शिवाय पोटाचा रेटा. त्यानं ते मिटतं. आणि फुफ्फुसाचा मोठा हिस्सा पाठीकडेच असतो हो, रक्तही तिकडंच जास्त जातं. म्हणजे रक्त जिथं जातंय तिथं हवा नाही."

"आणि पालथं केलं म्हणजे?" ताईने विचारले.

"मग पाठ वर येते. मिटलेला भाग उघडायला लागतो. हृदय पुढच्या हाडावर टेकतं, फुफ्फुसावर नाही. रक्त आपली वाट फारशी सोडत नाही. पाठीकडंच जात राहतं. पण आता तिथं हवा भेटते."

मला एकदम दिवाळीआधी माळ्यावरून काढलेल्या गाद्यांची चळत आठवली. सगळ्यांत खालची गादी पापडासारखी झालेली असते. चळत उलटी केली की दोन दिवसांनी तिच्यात पुन्हा जीव येतो. ताईने मात्र गादीचा विचार केला नसावा. तिने एवढेच विचारले, "त्याला कळेल का?" "नाही, आजी. पूर्ण गुंगीत आहे." ताईने सही केली.

त्या रात्री त्याच्या रक्तातल्या प्राणवायूचा आकडा ८४ वरून ९३ वर गेला. ताईने देव पाण्यात घातले होते. तिने तो आकडा देवांच्या नावावर मांडला. मी गादीच्या नावावर मांडला. सूनबाई काही बोलली नाही, पण त्या दिवशी पहिल्यांदा तिने डबा उघडला.

बाकावर रात्री झोप येत नाही. भाच्यानेच शिकवलेल्या मोबाइलवर मी वाचत सुटलो. माणूस अशा वेळी वाचतो ते ज्ञानासाठी नव्हे, हातांना काम हवे म्हणून. पण वाचता वाचता त्यात अडकलो खरा.

या दुखण्याला स्वतंत्र नाव मिळाले ते १९६७ साली. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरी चार डॉक्टरांनी बारा रुग्णांची हकीगत प्रसिद्ध केली. कुणी अपघातातला, कुणी न्यूमोनियाचा. पण सर्वांची फुफ्फुसे एकाच तऱ्हेने भिजून, ताठरून बंद पडलेली. बारांपैकी सात दगावले. पुढे १९७६ साली पाच रुग्णांना पालथे करून प्राणवायू वाढल्याचा अनुभव छापून आला. पाचच. मग इटलीतल्या मिलान शहरातले गॅटिनोनी नावाचे डॉक्टर या विषयाच्या मागे लागले. त्यांनी अशा रुग्णांचे सीटी स्कॅन काढले तेव्हा दिसले, की फुफ्फुस सगळे सारखे आजारी नसते. बराचसा भाग मिटलेला आणि हवा घेणारा भाग उरलेला असतो तो एखाद्या पाच-सहा वर्षांच्या पोराच्या फुफ्फुसाएवढा. त्याला त्यांनी नाव दिले बाळ-फुफ्फुस. मोठ्या माणसाची हवा त्या बाळात जोराने कोंबली तर बाळ फाटते. तेव्हा यंत्राने हळू, थोडे थोडे भरवावे.

हे वाचून मी मोबाइल खाली ठेवला. छत्तीस वर्षांचा सहा फुटी भाचा आणि त्याच्या छातीत बालवाडीतल्या मुलाएवढे फुफ्फुस!

याच गॅटिनोनींनी २००१ साली ३०४ रुग्णांची रीतसर चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना रोज सरासरी सात तास पालथे ठेवले. प्राणवायू वाढला, माणसे मात्र जास्त वाचली नाहीत. आपल्याकडे एवढ्यावर प्रकरण संपले असते आणि गृहस्थांनी निवृत्ती घेऊन आत्मचरित्र लिहिले असते. पण इतरांनी पिच्छा सोडला नाही. जास्त आजारी रुग्णच निवडावेत, आणि सात नव्हे, सलग सोळा तास पालथे ठेवावे, असे ठरवून फ्रान्समधल्या लिआँ शहरच्या गेरँ या डॉक्टरांच्या पुढाकाराने ४६६ रुग्णांची चाचणी झाली. निकाल २०१३ साली लागला. उताणे ठेवलेल्यांपैकी अठ्ठावीस दिवसांत शेकडा ३२.८ दगावले, पालथे केलेल्यांपैकी शेकडा १६. म्हणजे निम्मे. औषध एकच, ते सुद्धा फुकटचे. फरक फक्त नेमके कुणाला आणि किती वेळ एवढाच.

मी स्वतः २०२१ च्या एप्रिलात हे फुकटचे औषध घेतले होते, हे मला तेव्हा आठवले. कोविडची दुसरी लाट, खाटा मिळेनात, आणि सरकारने घरी पालथे कसे झोपावे याचे पत्रक काढलेले: एक उशी मानेखाली, एकदोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. घरातल्या झाडून साऱ्या उशा गोळा करून मी पालथा पडलो होतो, बोटाला चिमटा लावून, आकडा ९४ च्या वर जातो का बघत. आजी असती तर तिने पत्रकासकट मला उलथले असते. पण शुद्धीवर असलेल्या म्हाताऱ्याने उशा रचून पडणे वेगळे आणि नळ्यांनी जखडलेला बेशुद्ध देह वळवणे वेगळे. पहिल्याला हौस पुरते, दुसऱ्याला सहा माणसे लागतात.

तीन दिवस रोज सोळा तास भाचा पालथा होता. चौथ्या दिवशी, २२ तारखेला, आकडा पुन्हा घसरला आणि मग पालथे काय नि उताणे काय, वर येईना. रात्री अकराला आम्हांला आत बोलावून सांगितले, आता एक्मो.

एक्मो म्हणजे काय ते मी थोडक्यात सांगतो, कारण ते पाहिल्यावर माणूस थोडक्यातच बोलतो. जांघेतल्या शिरेत करंगळीएवढी जाड नळी घालून काळपट रक्त बाहेर काढतात. एक पंप ते एका डब्यातून फिरवतो. डब्यात केसासारख्या पोकळ तंतूंचे जाळे असते. तंतूंतून प्राणवायू, बाहेरून रक्त. डब्यातून निघाले की रक्त लालभडक, ते मानेतल्या दुसऱ्या नळीने पुन्हा शरीरात. मिनिटाला चार ते पाच लिटर, म्हणजे अंगातले जवळजवळ सगळे रक्त दर मिनिटाला खाटेबाहेर फेरफटका मारून येते. फुफ्फुसांना तेवढ्या दिवसांची रजा. यंत्र बरे काहीच करीत नाही, ते फक्त वेळ विकत देते. आणि वेळेचा भाव फार चढा आहे. एका दिवसाचे बिल पाहून मी चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि मुकाट्याने ठेवपावत्यांची पिशवी काढली.

याचाही इतिहास असाच ठेचकाळत आलेला. मोठ्या माणसाला यावर पहिल्यांदा यश आले ते १९७१ साली कॅलिफोर्नियात, अपघातातल्या एका तरुणाला, ७५ तास. १९७५ साली तिकडेच बार्टलेट या शल्यविशारदांनी एका नवजात मुलीला वाचवले. तिची आई तिला सोडून गेली होती. परिचारिकांनीच तिचे नाव ठेवले, स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ आशा. आणि १९७९ साली अमेरिकेत नव्वद रुग्णांच्या चाचणीत एक्मोवरचे नि एक्मोशिवायचे, दोन्हींकडचे दहातले नऊ गेले. पुन्हा लोकांचा विश्वास बसायला तीस वर्षे लागली. हे मी ताईला सांगितले नाही.

चार दिवस काहीच हलले नाही. २६ तारखेला गोकुळाष्टमी. ताईने उपास धरला होता, चहासुद्धा नाही. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तशी ती उठून उभी राहिली.

"डॉक्टर, त्याला पालथं का करत नाही आता?"

"आजी, आता तो एक्मोवर आहे."

"मला कळतं ते. पण पहिल्यांदा पालथा केलात तेव्हा आकडा चढला. तेव्हा जे चाललं ते आता का चालत नाही?"

मी मध्येच म्हणालो, "ताई, त्या नळ्या..." तिने माझ्याकडे पाहिले मात्र, मी गप्प बसलो. सत्तरीला आलेली बहीण अजून मला शाळेतून पळून आलेला पोरगा समजते.

डॉक्टरीणबाईंनी थोडा वेळ घेतला. मग म्हणाल्या, "खरं सांगू? आमच्यातच दोन मतं आहेत. एक्मोवर पालथं करणाऱ्यांचे अनुभव चांगले येत होते. मग फ्रान्समध्ये चौदा ठिकाणी १७० रुग्णांवर नीट चाचणी केली, २०२३ साली निकाल आला. साठ दिवसांत एक्मोवरून सुटलेले किती? पालथे केलेल्यांत शंभरात ४४. उताणे ठेवलेल्यांत शंभरात ४४."

"म्हणजे उपयोग नाही," मी म्हणालो.

"म्हणजे सरसकट सगळ्यांना करून उपयोग दिसला नाही. एक्मोवर व्हेंटिलेटर आधीच अगदी हळू चालवतात, फुफ्फुसाला विसावा असतोच; म्हणून पालथं करण्यातून आणखी मिळण्यासारखं कमी उरत असेल. त्यातले बहुतेक एक्मोआधी पालथे करूनही झालेले होते, तुमच्या भाच्यासारखेच. पण त्याच्या फोटोत नि सोनोग्राफीत पाठीकडचा भाग भिंतीसारखा बंद दिसतोय, पुढचा बरा आहे. अशाला फायदा होईल असं मला वाटतं. वाटण्याला पुरावा म्हणत नाहीत, काका."

"आणि धोका?"

"जांघेतली नळी निसटली तर मिनिटाला चार लिटरचा नळ उघडा. रक्त गोठू नये म्हणून औषध चालू आहे, म्हणजे तोंडावर, छातीवर दाब पडला की जखमा चिघळणार. खांद्याची नस दुखावू शकते. नळी सुटणं हे फार क्वचित होतं. जखमा क्वचित नाहीत."

मग मी तो प्रश्न विचारला, जो अशा वेळी प्रत्येक जण विचारतो. "तुमचा भाऊ असता तर काय केलं असतं?"

"ते विचारू नका," त्या म्हणाल्या. "भाऊ असता तर मी आत नसते. इथं, तुमच्या बाकावर असते."

सही सूनबाईची लागणार होती. ती इतका वेळ भिंतीला टेकून, पोटावर हात ठेवून, ऐकत होती. ताई तिच्याकडे वळली. आता ही तिला आग्रह करणार असे मला वाटले. पण ताई म्हणाली, "मला वाटतं ते मी बोलले. तू नाही म्हणालीस तरी माझं काही म्हणणं नाही. नंतरही नाही." त्यातला 'नंतर' हा शब्द आम्हां सगळ्यांना कळला. सूनबाईने डॉक्टरीणबाईंना एकच गोष्ट विचारली, "वळवताना तुम्ही स्वतः असाल?" "त्याच्या डोक्याशी मीच असेन." तिने पेन मागितले.

दुसऱ्या दिवशी दहीहंडी. इस्पितळापासून दोन चौक सोडून कर्णे लागलेले. खिडक्या बंद करूनही ढोलाचा ठेका पायांतून जाणवत होता. मला काचेच्या दाराबाहेर उभे राहू दिले. आत आठ माणसे मी मोजली. डोक्याशी डॉक्टरीणबाई, एका हातात घशातली नळी, दुसरा हात मानेजवळच्या नळीवर. जांघेच्या नळीला दोन्ही हातांनी धरून एक जण. त्याचे त्या दिवशी दुसरे कामच नव्हते. एक यंत्राशी. दोन्ही बाजूंना दोघे दोघे. आणि एक सिस्टर, पन्नाशीच्या, केरळच्या, ज्या कशालाही हात न लावता सर्व नळ्यांवरून नजर फिरवीत एकेक नाव मोठ्याने म्हणत होत्या. लग्नात याद्या वाचतात तशा. पोटातले नळीने काढून रिकामे केले. डोळ्यांत मलम घालून पापण्या पट्टीने मिटल्या. छातीवरच्या तारा काढल्या. अंगाखाली एक चादर, अंगावर एक चादर, मध्ये उशा, आणि दोन्ही चादरींच्या कडा एकत्र गुंडाळून करंजीच्या मुरडीसारख्या घट्ट वळल्या.

आधी खाटेच्या एका कडेला सरकवले. मग कुशीवर. तिथे थांबले, पुन्हा सगळ्या नळ्या पाहिल्या. डॉक्टरीणबाईंचे ओठ हलले, एक, दोन, तीन, आणि तो पालथा झाला. एवढा वेळ तयारीला लागला आणि वळायला चार सेकंदसुद्धा नाही.

आणि लगेच जांघेकडची नळी थरथरू लागली. काचेतून मला दिसत होते, जाड नळी विंचू डसलेल्या जनावरासारखी उडत होती. यंत्राचा दिवा लाल झाला. यंत्रावरचा माणूस काहीतरी ओरडला. आकडा उतरत होता. कोणता आकडा ते मला कळत नव्हते, पण उतरणे कळायला शिक्षण लागत नाही. मला वाटले, हे आपण केले. ताईने नव्हे, मी. कारण मी ठाम नाही म्हणालो असतो तर सूनबाईने ऐकले असते. केरळच्या सिस्टर खाली वाकल्या, कमरेखालची उशी हातभर वर ओढली, मांडी थोडी बाहेर वळवली. पोट मोकळे लोंबले, शिरेवरचा दाब गेला असावा. नळीची थरथर मंदावली आणि थांबली. दिवा हिरवा. सिस्टरनी कपाळ दंडाला पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून याद्या म्हणायला सुरुवात केली.

मग त्याचे तोंड एका बाजूला वळवून, त्या बाजूचा हात पोहणाऱ्यासारखा डोक्याशेजारी वर, दुसरा अंगालगत. ताराही पाठीवर डकवल्या. दर दोनचार तासांनी तोंड या बाजूचे त्या बाजूला. सोळा तास.

ताईने बाहेर येताच विचारले, "झाला?" मी म्हणालो, "झाला." उशीची गोष्ट मी तिला सांगितली नाही, ती हे सदर वाचूनच आता तिला कळेल.

तसे त्याला पाच वेळा वळवले. आकडा पहिल्यासारखा टणकन चढला नाही. दिवसाला एक पाऊल, कधी एक मागे. ११ सप्टेंबरला, घरोघर गौरी जेवत होत्या त्या दिवशी, एक्मोच्या नळ्या काढल्या. नंतर गळ्याला भोक पाडून व्हेंटिलेटर, मग त्यातूनही सुटका, आणि दसऱ्याच्या दोन दिवस आधी घर. पालथे केल्याने तो वाचला का? मी डॉक्टरीणबाईंना निघताना विचारले. "कदाचित. किंवा फक्त दिवस मिळाले म्हणून," त्या म्हणाल्या. ताईला हे उत्तर मुळीच आवडले नाही. तिने त्यांना साडी दिली आणि सिस्टरना दोन.

सांगितलेल्या जखमाही झाल्या. गादीच्या दाबाने डाव्या गालावर रुपयाएवढा व्रण राहिला. उजव्या हाताच्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला अजून बधिरपणा आहे. शर्टाची बटणे लावताना तो शिव्या देतो, त्या ऐकायला मला बरे वाटते. सिंहगड अजून नाही. पर्वती दोनदा झाली, दुसऱ्यांदा मध्ये न थांबता. मुलगी ऑक्टोबरच्या मध्याला झाली, नऊ महिने पुरे करून, तीन किलोची.

झोपतो मात्र उताणा किंवा कुशीवर. पालथा होत नाही. आणि ताई रात्री दोनदा उठून दाराच्या फटीतून पाहते, हे सूनबाईला माहीत आहे म्हणून ती दार पुरते लावीत नाही.

यंदा फेब्रुवारीत एका सकाळी सात वाजता ताईचा फोन आला. एवढ्या सकाळी तिचा फोन आला की अजून माझ्या पोटात गोळा येतो. "पालथी पडली!" ती ओरडली. कोण, ते समजायला मला क्षणभर लागला. मी तसाच पायजम्यावर रिक्षा करून गेलो.

सतरंजीवर मुलगी पालथी पडली होती. पालथे होता आले होते, उताणे होता येत नव्हते. एक हात अंगाखाली अडकलेला, मान वर उचलून धरायची, ती दमून सतरंजीवर टेकायची आणि मग संताप. मी सवयीने वाकून तिला उलथायला हात घातला. "हात लावू नकोस," ताई म्हणाली. "बघू दे तिला."

भाचा आंघोळीहून आला होता. त्याने टॉवेल खुर्चीवर टाकला, गुडघ्यावर बसला आणि सावकाश, एक हात टेकवून, तिच्यासमोर पालथा झाला. व्रणाचा गाल सतरंजीला लावला. मुलीने रडणे थांबवून त्याच्याकडे पाहिले. ताई 'दूध उतू जाईल' असे काहीतरी म्हणत आत गेली. चुलीवर दूध नव्हते, मी नंतर पाहिले.